दिवसाढवळ्या लागणारा टॉर्च

शहापूर,
बुधवार, ता. ७ मार्च १९८४

राजमान्य राजश्री भय्याजी यांस शहापूरहून दादाजीचा रामराम. (राजमान्य लिहिलं ते भंडाऱ्याला तुझं लोखंडी सामानाचं दुकान चालतं म्हणून. नुसता साळा असतास तर चिरंजीवावर भागवलं असतं.) मंदाबाईंना नमस्कार, त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. माझी कवळी सैल झाली आहे, खोकला सकाळी येतो आणि दुपारी जातो, आणि तू निवडायला पाठवलेले तिन्ही टॉर्च पोचले. त्यांतला कोणता ठेवला हे तू दोन चिठ्ठ्यांत विचारलंस, तेव्हा सविस्तर लिहितो. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच. असलं तर त्यालाही वाचून दाखव, माझी काही हरकत नाही.

मुळात हा सगळा तमाशा चाब्यांपायी आहे. तुझी बहीण गोदावरी होती तोवर घरच्या चाब्यांचा जुडगा तिच्या कमरेला असायचा. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि जुडगा माझ्याकडे आला, त्याच्याबरोबर धानाच्या खोलीचा कारभारही. या घरात माझ्या हाती तेवढंच उरलं आहे. शेत तुलाराम बघतो, बैलजोडी तो ठरवतो, रेडिओवर काय ऐकायचं तेही तोच ठरवतो (माझा मुलगा असून त्याला बातम्या आवडत नाहीत). पण गिरणीवर धान न्यायचा झाला की त्याला माझ्यापुढे येऊन उभं राहावं लागतं. मी मुद्दाम थोडा वेळ ऐकू न आल्यासारखं करतो.

मागच्या वैशाखात माझ्या हातून एक चूक झाली, नाही म्हणत नाही. खोलीत दोन ढोले शेजारी शेजारी आहेत, बांबूचे, शेणानं लिंपलेले. एकात खायचा धान, दुसऱ्यात बियाण्याचा. अंधारात मी भलत्याच ढोल्यातून पोती भरून दिली आणि पुढच्या सालचं बियाणं गिरणीतून तांदूळ होऊन घरी आलं. आम्ही सगळ्यांनी ते महिनाभर खाल्लं. (भात फार गोड लागला, हे आता कुणी कबूल करत नाही.) मृगात रोपांसाठी पऱ्हे टाकायला तुलाराम गेला तेव्हा बियाण्याचा ढोला रिकामा. अड्याळच्या पाहुण्यांकडून बियाणं मागून आणावं लागलं, आणि अड्याळच्या बाजारात शहापूरच्या दादाजीनं बियाणं खाल्लं हे भाजीवाल्यांनाही पाठ झालं. त्या दिवशी तुलाराम मला म्हणाला, "बाबा, तुमाले दिसून नाही राहिलं. आता अजून एक डाव असं झालं का चाब्या ललिताच्या हाती." ललिता म्हणजे सून. ती चुलीजवळ बसून ऐकत होती.

तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून होतो, रोज सकाळी खोली उघडून ढोले पाहायचो. (खरोखरच घातलं, एरंडेल. काही फायदा नाही.) नवा धान ढोल्यांत भरेपर्यंत सगळं बरं चाललं, आणि मग मार्गशीर्षात एके सकाळी धानाच्या खोलीचं कुलूप उघडेना. ही खोली स्वयंपाकघरामागच्या बोळीत आहे. तिथं भर दुपारीही आपला हात आपल्याला दिसत नाही, आणि वायर तिथवर नेलेली नाही. मी चाबी लावतो, ती सरकते, पुन्हा लावतो, पुन्हा सरकते. भोक सापडतच नाही. शेवटी ललिता आली, "द्या इकडे, मामाजी," म्हणाली, जुडगा घेतला, माझ्याकडे पाठ केली आणि खट्कन कुलूप उघडलं. जुडगा परत माझ्या हातात. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी समजलो की डोळे गेले. तुलारामला कळलं तर चाब्याही गेल्या.

म्हणून उजेडाच्या मागे लागलो. घरात तीन सेलचा टॉर्च होता. पण एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात चाबी, मग टॉर्च कोण धरणार? काखेत धरला तर उजेड छपरावर. दातांत धरला तर जड, आणि दात म्हणजे तरी कवळी! टॉर्च आणि कवळी दोन्ही मिळून ललिताच्या पायावर पडले. तिनं दोन्ही उचलून पदरानं पुसून दिले. तेव्हा मी तुला लिहिलं की चाबीच्या कडीतच अडकवता येईल असा लहानसा टॉर्च असतो म्हणतात, तो पाहा. तू नागपूरहून तीन मागवून धाडलेस. उपकार आहेत.

पहिले दोन बोळीपर्यंत पोचलेच नाहीत. लाल टॉर्च दाबून धरला तरच जळतो. अंगठा त्याच्यावर अडकल्यावर चाबी काय करंगळीनं फिरवू? तो बनवणाऱ्याच्या घरी कुलूप नसावं. निळा एकदा दाबला की जळत राहतो, कुठंही. शेजारच्या टिकारामच्या आईच्या तेरवीला मी पंगतीत बसलो, बसताना खिशात तो दाबला गेला. सगळे गंभीर तोंडानं जेवताहेत आणि माझा सदरा आतून पेटलेला. समोर वाढणाऱ्या रंभाबाई ओरडल्या, "भाऊजी, तुमच्या खिशात काय जळून राहिलं जी?" एकानं माझ्यावर तांब्या रिकामा केला. आग नव्हती हे कळल्यावरही दुसऱ्यानं केला. तिसरा पितळी, करंगळीएवढा. डोकं पिळलं की लागतो, उलटं पिळलं की विझतो, आणि कडीत बरोबर लोंबतो. निवडायचा तर हाच. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं.

काल मंगळवारी सकाळी, ललिता उठायच्या आत, मी तो पितळी टॉर्च घेऊन बोळीत गेलो. पिळला. काय उजेड, भय्याजी! तीन महिन्यांत पहिल्यांदा मी ते कुलूप पाहिलं. भोक नीट दिसलं. चाबी नीट भोकावर टेकवली, आणि ती आत जाईना. कुलूपच नवं होतं. त्याच बनावटीचं, त्याच आकाराचं, पण कोरं. माझे डोळे चांगले होते. तीन महिने मी दुसऱ्याच कुलपाची चाबी त्याच्या तोंडात कोंबत होतो आणि एरंडेल घालत होतो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी टॉर्च विझवला आणि तिथंच उभा राहिलो. थोड्या वेळानं ललिता आली. "द्या इकडे, मामाजी." मी दिला जुडगा. तिनं पाठ केली, पण मी या वेळी बाजूला सरकून पाहिलं. तिनं पदराची गाठ सोडली, तिच्यातली चाबी काढली, कुलूप उघडलं, चाबी पुन्हा गाठीत बांधली, आणि माझा जुडगा दोनदा खुळखुळवून मला परत दिला.

असो. मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊजी,
दादाजी

ता. क. — कुलपाच्या पोटावर अर्धवट फाटलेला कागद चिकटलेला आहे. (रोज बोटांना चिकट लागायचं, मी तेल समजत होतो.) त्यावर तुझ्या दुकानाचा शिक्का आहे. म्हणजे तुलाराम कुलूप तुझ्याकडून घेऊन गेला, तुला सगळं ठाऊक होतं, आणि तरी तू मला ते कुलूप बघायला तीन तीन टॉर्च निवडायला पाठवलेस. तुझ्या बहिणीनं तुला कडेवर खेळवलं होतं. अशा कुलपाबरोबर तीन चाब्या येतात, एवढं मलाही कळतं. एक तुलारामकडे असेल, एक ललिताकडे आहे. तिसरी मला हवी. उलट टपाली पाठव.

दुसरा ता. क. — पाकीट बंद केलं होतं, ते फोडून लिहितो आहे. चाबी पाठवू नकोस. चाबी आली की मला कुलूप उघडता येईल, मग सकाळी ललिता बोळीत कशाला येईल? दिवसभरात या घरात माझ्याशी कुणी बोलतं ते तेवढंच. तिन्ही टॉर्च बसनं येणाऱ्या माणसाबरोबर परत धाडतो आहे. कुणी विचारलं तर सांग, दादाजीला आता उजेडातही काही दिसत नाही.