दोन नावांचं घर

पेअरट्री हिल, सेंट एलिझाबेथ, जमैका
२ नोव्हेंबर, रविवार

प्रिय हेझ्रन,

या चार ओळी हाती पडतील तेव्हा तू ठणठणीत असशील अशी आशा करते. मीही बरी आहे, असं लिहायचा आपल्याकडे रिवाज आहे. तुरीच्या शेंगा भरायला लागल्यात. डेल्सीने नाताळासाठी आतापासूनच ओसरीला रंग दिलाय, भडक पिवळा. तू असतास तर म्हणाला असतास, घर लांबून पिकल्या पपईसारखं दिसतं.

किंग्स्टनला माझ्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ असतं तर जवळचं माणूस कोण, हे पुन्हा पुन्हा का विचारतात? म्हणून मृत्युपत्र घेऊन वकिलाकडे गेले. घर डेल्सीला, असं मी त्यात लिहिलंय. तिची आई आपल्याच घरी बाळंत झाली आणि पोरीला माझ्या ओटीत टाकून निघून गेली. डेल्सीची नाळ अंगणात तूच पुरलीस, वर नीरफणस लावलास आणि म्हणालास, "आता ही इथलीच." त्यानंतर तिच्या हक्काबद्दल मला कधी शंका आली नाही.

वकिलाने घराचा कागद मागितला, चष्मा पुसून वाचला.

"मिस इसिल्डा, मृत्युपत्र झकास आहे. पण या घराला ते लागू नाही."

"का हो? दोन नावं आहेत. अर्धं भावाचं, अर्धं माझं. माझं अर्धं मी कुणालाही देईन!"

"अर्धं-अर्धं असं यात कुठेच नाही. दोघांच्या नावे एकत्र आहे. जो मागे राहील, सगळं त्याचं."

"आणि डेल्सी? तिची नाळ तिथे पुरलीय, वर झाड आहे!"

"डेल्सीचं नाव या कागदावर नाही. झाड कचेरीत चालत नाही."

पप्पा गेल्यावर आपण दोघांची नावं घातली आणि आता कुणी एकटा विकू शकणार नाही म्हणून खुशीत घरी आलो. वाचलं कुणी?

वकील म्हणाला, दोघांनी सही केली तर अर्धं-अर्धं वेगळं होतं, मग माझं अर्धं डेल्सीला देता येईल. तुझं अर्धं तुलाच राहील, मला ते नको.

तू म्हणशील, एवढंच ना, फोनवर सांगायचंस. हेझ्रन, फोन केला होता मी. तू विचारलंस, "आई चर्चमधून आली का?" आई अंगणात पप्पांशेजारी निजलीय, तिची कबर तूच बांधलीस. मी म्हटलं, "येईल इतक्यात." दुसरं काय बोलणार? मग मलाच "आई" म्हणालास आणि जेवायला काय केलंय ते विचारलंस.

मग तुझ्या लेकाने, नॉर्मनने, फोन घेतला. "पप्पा दमलेत. आंटी, लवकरच त्यांच्या सह्या मीच करणार आहे," म्हणाला. आणि अगदी सहज विचारलं, "अंगणातल्या कबरी हलवता येतात का हो?"

तेव्हापासून मला झोप नाही. मी भितेय, हेझ्रन. ऑपरेशनला भितेच, पण त्याहून जास्त तुझ्या विसरण्याला भिते. मी आधी गेले तर घर तुझं होईल, म्हणजे नॉर्मनचं. डेल्सीला यातलं काही माहीत नाही. काल ती ओसरीवर कसाव्याच्या कंदाच्या भाकऱ्या विकायची जागा आखत होती आणि मी, छान आहे, छान आहे, एवढंच म्हणत राहिले.

हे पत्र तुझ्याच हाती द्यायला बर्मिंगहॅमच्या तुझ्या चर्चमधल्या पाळकांना सांगितलंय. सोबत वाटणीचा, सही करायचा कागद आहे. ते तुला तिथल्या वकिलाकडे नेतील. जायचं सकाळी, तेव्हा तुझं डोकं ताजं असतं. वकील साधे प्रश्न विचारेल, कागदात काय लिहिलंय, घर कुणाचं, दुसरं नाव कुणाचं. मनापासून वाटलं तरच सही कर. पण मी कोण, ते मात्र तुझं तुलाच सांगावं लागेल, तिथे मी नसेन. म्हणून खाली मोठ्या अक्षरात लिहितेय. जाताना वाटेत वाच, पुन्हा पुन्हा वाच.

तुझी बहीण,
आई नव्हे रे, बहीण,
इसिल्डा