सगुणाबाईंचा उखाणा

नाशिक

तीर्थरूप आप्पांना उज्वलाचा नमस्कार.

आई पुन्हा बोलेल का, असं तुम्ही विचारलंत. खरं सांगते, मला माहीत नाही.

पण इथे आमच्या वाचा-उपचार केंद्रात सगुणाबाई येतात. त्यांचंही बोलणं आईसारखंच अर्धांगाच्या झटक्यानंतर गेलेलं. काल त्यांच्या नवऱ्याला विचारून मी त्यांच्या लग्नातल्या उखाण्याची सुरुवात केली, तर त्यांनी नावासकट तो पुरा केला! त्यांचे यजमान लाजले. म्हणाले, "लग्नानंतर आज नाव घेतलंस बया!"

पाठ असलेलं असं टिकून राहतं. तिथून पुढचं शिकवता येतं. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना.

आई जेवते ना? ती काही बोलू पाहील तेव्हा तिचं बोलणं तुम्ही पुरं करू नका, थोडं थांबा.

आज मी तिचं नाव इथे नोंदवलं. माझ्या खोलीत तिच्यासाठी खाटही टाकली.

तुमची,
उज्वला