सुवितोंच्या शेजारची जागा

मी, सुकिनेम, वडील हार्जो, वय एकाहत्तर, व्यवसाय गेंदेरवादन, राहणार केमलायान, सोलो ऊर्फ सुराकार्ता, माझ्या मागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते राजीखुशीने लिहून ठेवते. कुणाचा दाब नाही, डोकं शाबूत आहे. हात थरथरतात म्हणून अक्षर भाची वारसिनीचं आहे; शब्द माझे. तिने मध्येच विचारलं, "मावशी, हे सगळं लिहायलाच हवं का?" हवं.

कलम १. राहतं घर, परसातल्या आंब्यासह, वारसिनीला द्यावं. तिने ते विकलं तरी माझी हरकत नाही. मात्र पुढची खोली भाड्याने दिल्यास गाण्याच्या शिकवणीला देऊ नये. भिंतींनी खूप सोसलं आहे.

कलम २. बाटिकची लुगडी आणि त्यांवर घालायच्या केबाया धाकटी बहीण पाइनाह हिला. निळी केबाया सोडून. ती मी पहिल्यांदा घातली तेव्हा आमच्या मेळातले पाक सुवितो सगळ्यांदेखत म्हणाले होते, "सुकी, तू तालमीला आलीस की कुणाच्या लग्नाला?" सगळे हसले, मीही हसले. ती कापून गेंदेर वाजवायच्या टिपऱ्यांना गुंडाळावी, म्हणजे दुसऱ्या कुणाला घालता येणार नाही.

कलम ३. पाक सुवितोंची काळी छत्री माझ्याकडे राहिली आहे. ती त्यांच्या पत्नी बू मार्तिनाह यांना परत करावी. मी गेल्यावर, आधी नाही. त्यांना नवरा मिळाला, घर मिळालं, आता नवऱ्याच्या कबरीशेजारची जागाही त्यांच्यासाठी राखलेली आहे. छत्री तेवढी माझ्याकडे राहिली तर त्या काही भिजायच्या नाहीत.

आता पाक सुवितोंबद्दल सांगणं भाग आहे, नाहीतर पुढची कलमं वाचणाऱ्याला कळायची नाहीत. पाक म्हणजे बाबा, बू म्हणजे आई; थोरांना आम्ही असंच म्हणतो. ते रेबाब वाजवत. दोन तारा आणि एक गज, एवढंच ते वाद्य. आमच्या गामेलानमध्ये, म्हणजे काशाच्या वाद्यांच्या मेळात, चाल रेबाब दाखवतं आणि गेंदेर ती उचलून धरतं, म्हणून आम्ही दोघं तीस वर्षं गुडघ्याला गुडघा लावून बसलो. मी पहाटे उठून रियाज करायची. ते ऊन वर आल्यावर उठायचे, गोड कॉफी प्यायचे, तार पिळायचे, आणि मला महिनाभर न सापडलेली जागा जांभई देता देता घ्यायचे. सूर किंचित उशिरा लावायची त्यांची सवय होती. त्या सुराची वाट पाहत सगळा मेळ पुढे वाकायचा. मीही वाकायची, आणि मनात म्हणायची, देवा, हे या आळशी माणसाला का दिलंस?

कलम ४. लोक जिला 'सुवितोंची संथ चाल' म्हणतात ती आम्ही दोघांनी माझ्या ओसरीवर बसून बांधली. रेडिओ केंद्रात ती वाजवली तेव्हा निवेदकाने त्यांचं एकट्याचं नाव घेतलं. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "पाक, अर्धी चाल माझी होती."

"अर्धी कसली, पाऊण तुझी," ते म्हणाले. "पण लोकांच्या तोंडात नाव एकच मावतं बघ." आणि सिगारेट पेटवली.

तिची कॅसेट वारसिनीने ठेवावी. जो ऐकायला येईल त्याला आधी माझं नाव सांगावं, मग वाजवावी.

कलम ५. वेळूच्या नळ्यांवर टांगलेल्या काशाच्या पट्ट्यांचं माझं गेंदेर, आजीकडून आलेलं, लारसिहला द्यावं.

"तिला?" वारसिनीने लेखणी थांबवली.

तिलाच. लारसिह तिशीची आहे. शेवटची काही वर्षं पाक माझ्याऐवजी तिला शेजारी बसवत. "तुझे गुडघे दुखतात सुकी, जरा आराम कर," असं वर मला सांगून. गुडघे माझे होते; दुखतात का ते मला विचारायचं. कोपऱ्यावरच्या खानावळीतल्या बू कार्ती भात वाढताना म्हणाल्या, "काय हो, तुमच्या पाकनी नवी सून आणली म्हणे गेंदेरवर!" मी ताट तसंच ठेवून उठले. पुढे एकदा तालमीच्या मंडपाबाहेर, चपला न काढता उभं राहून, त्या पोरीचं वाजवणं ऐकलं. चूक सापडेल म्हणून शेवटपर्यंत थांबले. सापडली नाही. तेव्हा हे दान मन मोठं आहे म्हणून नाही. माझं वाद्य भलत्याच्या हाती खडखडलेलं मला मेल्यावरही सोसणार नाही, आणि तिच्यासारखा हात या गावात दुसरा नाही. माझं दुखणं तेच आहे.

कलम ६. लारसिहसाठी आणखी एक.

पाक दवाखान्यात होते तेव्हा एका दुपारी मी त्यांना आवडणाऱ्या सेराबी, तांदळाची ती गोड धिरडी, घेऊन गेले. बू मार्तिनाह नमाजाला गेल्या होत्या. पाक डोळे मिटून पडले होते, पण डाव्या हाताची बोटं चादरीवर चालत होती. बोटं मी लगेच ओळखली. आमचीच संथ चाल. मी स्टूल जवळ ओढलं आणि गेंदेरची बाजू तोंडाने गुणगुणू लागले.

"लारसिह," ते म्हणाले, "घाई नको."

वाटलं, उठावं आणि सेराबी घेऊन घरी जावं. पण चाल अर्ध्यावर होती, ती टाकून कसं उठणार? मी घाई सोडली. त्यांची बोटं माझ्या आवाजाला येऊन मिळाली. आवर्तन संपवणाऱ्या घंटेच्या ठोक्याच्या जागी दोघं एकदम थांबलो.

"आता बरोबर," ते म्हणाले.

हा शब्द त्यांनी मला कधी दिला नव्हता. चुकलं की गज थांबवून बघायचे, जमलं की नुसते पुढे जायचे. दुसऱ्या दिवशी ते गेले.

त्यांच्या सातव्या दिवसाच्या जेवणाला लारसिह माझ्याजवळ सरकली. "बू, शेवटी तुम्ही भेटलात ना त्यांना? काही म्हणाले? माझं नाव काढलं का?"

"जेव," मी म्हटलं, "भात गार होतोय."

माझ्या माघारी हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावं: पोरी, तुझं नाव काढलं होतं. ते तुझं आहे, घे. पण जे 'बरोबर' म्हणाले ते माझ्या गुणगुणण्याला. तू तिथे नव्हतीस. तो शब्द मी कुणाच्याही नावे करत नाही. तो मी माझ्याबरोबर नेते.

वरील मजकूर वारसिनीकडून वाचून घेतला, बदलायचं काही नाही, म्हणून साक्षीदारांसमोर सही करते.

सही: सुकिनेम

साक्षीदार:
१. सुवार्जो, शेजारी, घंटावादक
२. बू कार्ती, खानावळ (स्वतःबद्दलचा मजकूर ऐकूनही सही करते)

स्थळ: सुराकार्ता
दिनांक: ९ सप्टेंबर २०१४