अधिक महिना आणि बदलीची पेटी

निज वैशाख शु. ५, सोमवार. सन १९५३. अंबरनाथ

वि.बा.नी पोरीला धाडली नाही. वि.बा. म्हणजे विहीणबाई, आमच्या कमलच्या सासू. दर वेळी सगळं लिहायला माझा हात पुरत नाही.

काल माझ्या लेकानं, दत्तूनं पिकप काढला. मी पुढे त्याच्या शेजारी, मांडीवर लाडवांचा डबा. बदलापूर सुटलं की रस्ता तो नुसता म्हणायचा. कमलच्या सासरच्या वाडीखालच्या चढणीवर गाडीनं मान टाकली, मागची चाकं जागच्या जागी गरगर. शेवटी चालत गेलो. लाडू फुटले, चव तीच.

कमलला बघून डोळे निवले. पोट पुढे आलंय, चेहरा उतरलाय, म्हणजे मुलगा म्हणतात. मला काहीही चालेल, जिवंत हवं. मागल्या खेपेला न्यायला गेलो ती बैलगाडी याच चढणीवरून परत फिरली. पोर वर राहिली. पहिलं गेलं. ते लिहीत नाही.

मी म्हटलं, सातवा लागला, न्यायला आले. वि.बा. चुलीपुढून उठल्या पण नाहीत. "सहावा चाललाय. सम महिन्यात पोर हलवायची नाय."

मग मार्गशीर्षापासून बोटं मोजली. माझी सात, त्यांची सहा. मधे अधिक वैशाख होता, तो त्यांनी सोडूनच दिला.

"मळमास तो. त्यात लगीन नाय धरत, मुंज नाय धरत, मग पोट कसं धरायचं?"

"अहो, पोट काय पंचांग बघून थांबतं?"

"ज्येष्ठात या. सातव्यात ओटी भरून धाडते."

ज्येष्ठ म्हणजे माझा आठवा. आठव्यात पोटुशीला वेस ओलांडू देत नाहीत, हे मला पण मान्य. आणि ज्येष्ठात त्या चढणीवर गुडघाभर चिखल. परत येताना दत्तू त्या चढणीकडे वळून बघत होता. मीच बोलत होते, आंबे, करवंदं, काय वाट्टेल ते.

शु. ८, गुरुवार

दत्तूचं डोकं अजून चढणीवरच. म्हणतो, "आये, पुढची चाकं नुसती वाट दाखवतात, ओढत नाहीत. त्यांना पण ओढायला लावतो." लढाईतल्या मोडक्या गाड्या कॅम्पात पडल्यात. त्यातली फौजी गेरपेटी आणायची, आपली काढायची, आणि मागे जोडून आणखी एक पेटी. तिला ट्रान्सफर म्हणतात. मी म्हटलं, ट्रान्सफर म्हणजे बदली. शेजारच्या कारकुनाची झाली तेव्हा त्याची बायको आमच्या भिंतीला डोकं टेकून रडली होती.

दत्तू हसला. किती दिवसांनी. "तसंच गं. इंजिनाच्या जोराची बदली, मागनं पुढं."

तर ती बदलीची पेटी. नाव मला भारी आवडलं. बेबी पण म्हणत फिरतेय. बेबी दत्तूची पोर, माझी नात, तिच्याच पाटीवर मी अक्षर घोटलं. सून मात्र विचारते, गाडी खोलून ठेवली तर विटा कोण वाहणार, आणि घर कशावर चालणार. तिचं पण खरं.

शु. १२, सोमवार

कॅम्पात जाऊन आले. हल्ली उल्हासनगर म्हणतात, माझ्या तोंडी कॅम्पच बसलाय. लच्छू मिस्त्रीचं वर्कशॉप म्हणजे बराकीची एक भिंत आणि वर पत्रा. कराचीत बसगाड्या दुरुस्त करायचा. मला अमां म्हणतो. चहाबरोबर पापड दिला. चहाबरोबर पापड. पण खाल्ला, बरा लागतो.

आपला पिकप लाकडी ठोकळ्यांवर, चाकं नाहीत, खालचं सगळं बाहेर काढून गोणपाटावर मांडलेलं. बघवेना.

"अमां, तेरी गाडी का पेट खोला है."

मी म्हटलं, सुटका नीट होईल ना तिची?

"साईं जाने. पर गेर फौज का है. पहाड चढेगा. इतना धीरे चढेगा के तू पैदल आगे निकल जाएगी."

धीरेच हवं. पोटुशीला घेऊन यायचंय.

फौजी पेटी लांब आहे, म्हणून मागच्या चाकांना फिरवणारा तिच्यामागचा दांडा कापून आखूड केला आणि परत डागला. आणि या पेटीत गेर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागतो, नाहीतर करकर दात खाते. दत्तू घरी पाटावर बसून नुसत्या पायानं सराव करतो. जेवताना पण. सून म्हणाली, आमटी सांडेल.

पौर्णिमा, गुरुवार

वाडीचा दूधवाला भेटला. कमलचे पाय सुजलेत. हातातल्या बांगड्या फिरत नाहीत. वि.बा. गोखरूचा काढा देतायत.

मागल्या खेपेला पण आधी पायच

वद्य ७, गुरुवार

घोटाळा झालाय. पुढचा आख, म्हणजे ज्याला पुढची चाकं लागतात तो लोखंडी कणा, एका गाडीचा. मागचा दुसऱ्या गाडीचा. लच्छूनं गाडी उचलून चाकांवर खडूच्या खुणा केल्या आणि फिरवून बघितलं. पुढचं चाक जास्त फिरतं, मागचं कमी. आतले दातेच वेगळे.

मी विचारलं, मग काय होतं?

"कीचड में कुछ नहीं होगा, अमां. एक चाक थोडा फिसलेगा, दूसरे से मिला लेगा. पत्थर पे कोई फिसलने को तैयार नहीं. फिर पेटी टूटती है."

मला हसूच आलं. वि.बा. आणि मी. एकाच पोरीला जोडलेल्या, एक सहा मोजते, एक सात. लच्छूला सांगितलं तर तो पण हसला, मग परत चाकाकडे वळला. त्याची बायको इथे बराकीतच बाळंत झाली होती, मधे गोणपाटाचा पडदा लावून. तेवढंच बोलला.

जोडीचा आख मिळेल, पण भंगारात शोधावा लागेल. कधी मिळेल सांगता येत नाही. दत्तू म्हणतो, "वर चिखलच आहे. खडक आला की लिवर ओढून पुढचा जोर सोडून देईन."

लच्छू म्हणाला, "जब छोडना है, तभी वो लिवर फँसता है."

दत्तूनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी पण.

वद्य १३, बुधवार

जोडीचा आख मिळाला नाही, तरी गाडी चार पायांवर उभी. लच्छूनं नारळ दत्तूच्या हाती दिला, दत्तूनं माझ्या. मी फोडला. मग मला पुढे बसवून दोघांनी गाडी वर्कशॉपामागच्या उतारावर घातली, गटाराच्या चिखलातनं. अशी चढली, म्हैस चढते तशी, घाई नाही, थांबणं नाही. मी तोंडाला पदर लावून हसत सुटले. बराकीतल्या बाया बाहेर येऊन बघत होत्या, कोण ही म्हातारी.

डांबरावर आलो तर स्टेरिंग हिसके द्यायला लागलं. खालून टण. लिवर दोन्ही हातांनी ओढल्यावर सुटलं.

घरी सांगितलं, छान चालते.

ज्येष्ठ शु. १, शुक्रवार

वि.बा.चा निरोप आला. "सातवा लागला, या."

झोप नाही मला. सगळ्या आळीत मीच सांगत फिरते, आठव्यात हलवू नका. शेजारणीच्या सुनेला मीच उंबऱ्यावर अडवली होती. आषाढात माझा नववा, पण तो त्यांचा आठवा, तेव्हा त्या सोडणार नाहीत. दोघींना चालेल असा महिनाच नाही उरला. आणि पाय सुजलेले.

दत्तूपुढे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "आये, मी पेटी बसवली. आता तू मधे आठव्याचा अडसर बसवू नको."

बरं.

शु. ४, सोमवार

निघतोय. पावसाची रिपरिप आहे. मागे गवत पसरलं, त्यावर गोधडी, वर ताडपत्री. वही डब्यात घेतेय, लिहिलं की जीव रमतो. सुनेनं दत्तूच्या कपाळाला अंगारा लावला, मग वाकून गाडीच्या पण.

शु. ५, मंगळवार

ठाकराच्या झोपडीत लिहितेय. सकाळ झालीये.

काल वर गेलो ते झकास. चारी चाकं चिखल चिरत. ज्या चढणीनं बैल परत फिरवले, तिथे दत्तूनं गाडी थांबवली नाही. वाडीतली माणसं वाटेवर येऊन उभी. मी एवढी खूष की उतरताना पाय घसरला.

मग कमलला बघितलं. चेहरा टम्म सुजलेला. "आई, डोळ्यांपुढे काजवे चमकतात." वि.बा.नी ओटी भरली, तांदूळ, नारळ, खण. मग स्वतःचं बोचकं घेऊन मागे चढून बसल्या. "मी पण येते. पोरीला नुसत्या तुमच्या मोजणीवर सोडत नाय."

बसा म्हटलं.

उतरताना ओढा ओलांडला आणि लगेच कातळ. दत्तूनं लिवर ओढलं. येईना. दोन्ही हातांनी, मग पायानं. गाडी पुढं सरकत होती आणि खालून असा आवाज आला, दाढेखाली खडा फुटावा तसा, पण केवढा मोठा. चाकं गच्च झाली. ना पुढं, ना मागं.

त्याच हिसक्यानं असेल किंवा व्हायचंच असेल, कमलला कळा लागल्या.

गोधडीची झोळी करून तिला या झोपडीत आणली. ठाकरीण चांगली आहे, पाणी तापवलं, आपली कोरडी चादर दिली. दत्तू डॉक्टर आणायला बदलापूरला पळाला. तसाच, चिखलात, चपला इथेच. अजून आलेला नाही. कळा येतात, थांबतात, परत येतात.

वि.बा. पोरीच्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या. मग हळूच मला बाहेर पडवीत घेऊन आल्या. "विहीणबाई, खरं सांगा. सातव्याचं का आठव्याचं?"

कोणाला माहीत नाही असं नाही. सातव्याचं जगतं. आठव्याचं जगत नाही.

मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुमचंच बरोबर वाटतं मला. पोट बघा केवढं आलंय. अधिक धरायला हवा होता."

एवढे दिवस हेच ऐकायला मी भांडत होते.

मी म्हटलं, "नाही. मळमास तो. त्यात काही धरत नाहीत."

 त्यांनी हळूच मान डोलावली.

आत कमल जागी होती. ऐकलं असावं तिनं. "आई, कितवा गं हा?"

दोघी एकदम बोललो, सातवा.