लोवेलची दोन धनुष्यं

प्रिय डेल्मर,

तू फोन उचलत नाहीस. चर्चमध्ये येतोस तो शेवटच्या बाकावर बसतोस आणि खाली तळघरात सगळ्यांसाठी कॉफी मांडायच्या आत पसार होतोस. म्हणून शेवटी कागद घेतला. लोवेलची दोन्ही धनुष्यं आत्ता माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहेत. नवरा जाऊन वर्ष झालं, आता एक ठेवावं आणि एक देऊन टाकावं असं मनात होतं. कुठलं ठेवावं हे तुझ्याइतकं अख्ख्या गावात कोण सांगणार? पण तू धनुष्यांच्या दुकानाला कुलूप लावून बसला आहेस. तेव्हा माझाच निवाडा ऐक आणि हसायचं तर हस.

शिकारीचं धनुष्य आखूड आहे, जेमतेम तीस इंच. झाडावरच्या मचाणात फांद्यांना अडकू नये म्हणून तसं केलेलं, हे मला लोवेलनं निदान वीस वेळा सांगितलंय. हलकं आणि वेगवान, पण भारी तुसडं. मूठ जराशी वाकडी धरली की बाण भलतीकडे. नेमबाजीचं धनुष्य लांब, जड, पुढे तोल सांभाळणारा तो दांडा. खांद्यावरून न्यायचं म्हणजे दारं सांभाळत चालावं लागतं. पण ते माणसाच्या चुका पोटात घालतं. त्यानं दुपारभर शंभर बाण मारायचे आणि शंभरही एकसारखे. शिकारीच्या धनुष्यानं मोसमात एखादाच बाण सुटतो, आणि तो चुकला तर एक मुकं जनावर रानात तडफडत राहतं. टोकांवरच्या चाकांची सोय मात्र दोघांनाही आहे. दोरी पुरती मागे आली की ती चाकं बराचसा भार आपल्यावर घेतात आणि माणूस निवांत नेम धरतो. पण तिथवर पोचेपर्यंतचा सगळा जोर माणसाच्या छातीतूनच यावा लागतो.

हे वाक्य वाचून तू कागद बाजूला ठेवला असशील. उचल परत.

सप्टेंबरातला तो शनिवार मलाही आठवतो. एकोणसत्तर वर्षांचा माझा नवरा शिकारीचं नवं कोरं धनुष्य घेऊन तुझ्या दुकानात उभा, आणि तू बोल्ट फिरवायची अ‍ॅलन की हातात घेऊन त्याला विनवतो आहेस, "ओढ साठ पौंडांवर आणतो रे, लोवेल. हरणाला काय फरक कळणार आहे?" तर हा म्हणे, "सत्तर म्हणजे सत्तर! साठ पौंड तर माझी आर्डिससुद्धा ओढेल." तू त्याला म्हातारा बैल म्हणालास, सगळं दुकान हसलं. मीही हसले. मग तू ओढ वाढवायला बोल्ट आवळलेस, धनुष्य वजनकाट्याला टांगून सगळ्यांना सत्तरचा आकडा दाखवलास. नोव्हेंबरात तो मचाणाखाली सापडला. धनुष्य शेजारी पडलेलं, बाण अजून सोडलेला नव्हता. दफनानंतरच्या जेवणाला तू पाद्रीबाबांना म्हणालास, "सत्तरवर मी आवळलं. मीच मारला त्याला." मी तुझ्या मागेच बटाट्यांचं भांडं घेऊन उभी होते.

त्या वेळी मी पुढे होऊन "असं बोलू नकोस" म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. खरं सांगते, डेल्मर, कित्येक महिने मलाही तसंच वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या कधीच्या बुजल्या होत्या, जिना चढतानाही गेला असता. पण मला कोणावर तरी राग काढायचा होता, आणि तू स्वतःहून मान पुढे केली होतीस. ते मी होऊ दिलं. त्याची मला लाज वाटते.

गावात फारसं नवं नाही. मंगळवारची नेमबाजीवाली मंडळी आता तुझं दुकान बंद म्हणून तीस मैल गाडी हाकतात आणि वाटभर तुला शिव्या घालतात. फ्रीजरमधलं हरणाचं मांस संपत आलं. पूर्वी या दिवसांत तुम्ही दोघं या टेबलावर माझा अख्खा अ‍ॅपल पाय संपवून कुठलं धनुष्य सरस म्हणून भांडत बसायचात आणि मी तुम्हाला हाकलायची. तो गोंधळ मला फार आठवतो. माणसं दोन गेली असं वाटतं मला, आणि त्यातला एक तर दोन गल्ल्या पलीकडे राहतो.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. गुरुवारी मंगळवारच्या मंडळातली जोलीन शिकारीचं धनुष्य बघायला आली होती. परसात तिनं दोरी ओढली, परत ओढली, आणि म्हणाली, "आर्डिस, हे सत्तर नाहीये गं. सत्तर माझ्यानं हलतसुद्धा नाही." आम्ही ते मंडळाच्या काट्याला टांगलं. एकोणसाठ. तीनदा टांगलं, तीनदा एकोणसाठ. जोलीननं बोल्ट पाहिले. वरचा आणि खालचा, दोन्ही अगदी सारखे सैल केलेले, वेढे मोजून. शेरीफच्या माणसानं धनुष्याची पेटी माझ्या हातात दिली त्या दिवसापासून ती उघडलेली नव्हती. ओढ कमी केली की बाण खाली पडतो, नेम पुन्हा बसवावा लागतो, असंही ती म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑक्टोबरात दोन दुपारी तो गोठ्यामागे बाण मारत होता आणि मी डोकावले की "थंडी आहे, आत जा" म्हणून ओरडत होता. मला वाटलं, सराव करतोय. त्यानं तुझं ऐकलं होतं, डेल्मर. उलट एक पौंड आणखी उतरवला होता. फक्त तुझ्यासमोर कबूल करायला त्याची जीभ रेटत नव्हती, नाहीतर तू वसंतापर्यंत त्याला छळलं असतंस. ते धनुष्य मी जोलीनला दिलं नाही. बोल्टला कोणी हात लावलेला नाही. दुसऱ्याच्या काट्यावर तुझा विश्वास बसत नाही हे मला ठाऊक आहे. तुझा घेऊन ये आणि स्वतः टांगून बघ.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
तुझीच,
आर्डिस