लुंबिनीची आहार-नोंदवही

७ जुलै, सोमवार
लेकीला घेऊन नांदेडला गेलो. लुंबिनी पंधराची. चार वर्षांपासून शुगर, इन्सुलिन चालू. आता जेवणाचीच भीती बसली आहे. आमच्यासमोर खात नाही, चोरून खाते, मग रडते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाही आजारच आहे. समुपदेशकाकडं न्या, ताटावर पहारा ठेवू नका. बाई हुशार आहेत. पण मी मुखेड तालुक्यातल्या शाळेत एकशे बेचाळीस लेकरांचा पोषण आहार सांभाळतो. एक लेक काय जड आहे. उद्यापासून वही.

८ जुलै
वही तयार. रकाने: वेळ, शुगर, इन्सुलिन, काय खाल्लं, पालकाची सही. सिंधु म्हणाली, लेकरू हाय ते, शाळा न्हाई. बायकोला प्रशासन कळत नाही.

११ जुलै
शुगर २९०. रागवायचं नाही असं ठरवलं होतं. रागावलो नाही, फक्त जेवलो नाही. लेकीचं तोंड एवढंसं झालं. वाईट वाटलं. पण शिस्त म्हटलं की थोडं वाईट वाटणारच.

१९ जुलै
उपाय लागू पडला. आठवडाभर १०८, ११२, ११०. अक्षरही सुंदर. तिला जवळ बसवून पाठ थोपटली. वहीसकट तिचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. किनवटच्या भावानं लिहिलं, पोरगी बारीक झाली, छान दिसून राहिली. वाचून दाखवलं. हसली नाही. लाजली असेल. समुपदेशकाची वेळ रद्द केली.

२४ जुलै, गुरुवार
शाळेत खिचडी चाखल्याच्या चार दिवसांच्या नोंदी राहिल्या होत्या. एका बैठकीत उरकल्या. चव उत्तम, चव उत्तम.

२६ जुलै, नांदेड
लुंबिनी काल शाळेत प्रार्थनेला कोसळली. आयसीयूत आहे. शुगर इतकी वाढली की मशीनवर आकडाच येईना. डॉक्टरीणबाईंनी शुगर मोजायच्या घरच्या मशीनची मेमरी पाहिली. बारा दिवस ते वापरलेलंच नाही. इन्सुलिनही टाळत होती. मी वही पुढं केली, आणि देता देताच दिसलं. सगळा आठवडा एकाच पेनानं, एका बैठकीत. अशा नोंदी मी स्वतः करतो, तरी ओळखल्या नाहीत. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ जुलै
धोका टळला. खोटं का लिहिलंस, विचारलं. लुंबिनी म्हणाली, आकडा वाईट आला की पप्पा तुम्ही जेवत नव्हता. चांगला लिहिला की जवळ बसवत होता. व्हरांड्यात जाऊन रडलो. चूक माझी आहे, असं सिंधुला सांगितलं. ती नाही म्हणाली नाही.

३ ऑगस्ट, रविवार, घरी
समुपदेशकाची वेळ परत घेतली. वही बंद. तिघं जेवायला बसलो. तिच्या ताटाकडं बघायचं नाही, म्हणून मी सगळा वेळ कॅलेंडरकडं बघत होतो. लुंबिनी म्हणाली, पप्पा, तुम्हीच जेवून न्हाई राहिले. खरंच, भाकरी तशीच होती. दोघी माझ्याकडं बघत बसल्या. घास तोंडात घातला, तर उतरेना. पाणी प्यालो, तरी उतरेना. चार वर्षं लेकीला मी असंच जेवायला लावलं.