पाटीवर माह्यं नाव

३ जून, मंगळवार

जप्ती! बँकेचा माणूस दारातच बोलला हा शब्द. शेजारची आचल कपडे वाळू घालत होती, तिच्यासमोर! मी म्हटलं, ते घरी नाहीत. तो म्हणे, "त्यांच्याशी आमचं काय काम? प्रोप्रायटर नीलम जीवन खारोडे तुम्हीच ना?"

मीच. फुलांच्या डेकोरेशनचं दुकान नवऱ्यानं काढलं अन् पाटी लागली — नीलम फ्लॉवर डेकोरेशन. (तोंडावर 'अहो' म्हणते. इथं नुसता जीवन.) किती मिरवली मी! पाटीखाली फोटो काढला, अकोल्याले माहेरी पेढे वाटले. मले वाटलं, प्रेम आहे. प्रेम कायचं! आधीचं मोबाईलचं दुकान बुडवलं म्हणून कोणतीच बँक त्याले दारात उभं करत नव्हती. मग कर्जाले माह्यं नाव. मी पोळ्या लाटून राहायची अन् हा हॉलमधून ओरडायचा, "नीलम, ओटीपी आला असन, सांग वं!" पिठाच्या हातानं मोबाईल धरून मी आकडे वाचून दाखवायची. काहून, कायचा — कधी विचारलं नाही. मोठी शहाणी!

५ जून

सकाळी सकाळी गंगूबाई. आपल्या मळ्यातला झेंडू देते दुकानाले. दोन हंगामाचे पैसे थकले तिचे. अंगणात फतकल मारून बसली. "पाटी तुही, गाडीवर नाव तुहं. तुले नाही तं काय झेंडूले मागू?"

मीही तोंड सोडलं. लय बोलली. दार आपटलं. ती काही चुकीचं बोलली नव्हती, त्याचाच जास्त राग आला.

जीवन आतल्या खोलीत गुपचूप. ती गेल्यावर बाहेर आला अन् म्हणे, "गेली का?"

९ जून

वकील भावनाताईकडे गेली. एकटीच. म्हटलं, दुकान बुडालं तर दुकान बुडन, मी कशी बुडीन?

त्या म्हणाल्या, "ही कंपनी नाही ताई. एकटीच्या मालकीचं दुकान आहे. कायद्यात दुकान अन् तुम्ही एकच. दुकानातून फिटलं नाही, तर तुमच्या नावावर जे असेल त्यातून."

अकोल्याचं घर माह्या नावावर आहे. जुन्या शहरातल्या दोन खोल्या. बाबांनी जाता जाता करून दिल्या. आई राहते तिथं.

"मग तेही," म्हणाल्या.

अन् जीवनच्या नावावर काय? एक मोटरसायकल!

१० जून

बोलली त्याले. गल्लीभर आवाज गेला असन, जाऊ दे. हा हरामखोर शांत जेवून राहिला. "कायले बोंबलतं? घर विकून मोकळं होऊ. आईले आणू इकडे." आईले आणू! सत्तरीतली माय घर सोडून याच्या सोफ्यावर झोपन!

भाजीचं पातेलं उचललं अन् मोरीत ओतलं. उपाशी झोप म्हटलं.

प्रणाली मधात पडली. "आई, बाबाले असं नको ना बोलू." बारावी झाली पोरगी, पण बाप म्हणन ते खरं.

१६ जून

अकोल्याले जाऊन आली. आईले सांगाले गेली होती. नाही सांगितलं. तिनं ओट्याले गेरू दिला, मले दाखवला. "सारं बरं हाय ना वं?" विचारलं. हो म्हटलं. एसटीत रडली. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली.

२१ जून

दुकान बंद! मीच मालकीण ना? मग मालकिणीनं केलं. एलईडी पडदा, जनरेटर, गाडी — बँकेले विचारून विकलं, पैसे थेट बँकेत. गंगूबाईचे पैसे माह्या पाटल्या मोडून दिले. तरी ती गोड बोलली नाही. नको बोलू. उरलेल्याचे हप्ते बांधून घेतले. हप्ता चुकला नाही तर घराले हात लावणार नाही, साहेब म्हणाले. सोमवारपासून एका मेसमध्ये पोळ्या लाटाले जाईन.

जीवन म्हणे, "माह्या धंद्याची वाट लावली तूनं."

तुह्या? पाटी वाच ना!

२३ जून

जीवन एकदम लाडात. उद्या प्रणालीले अठरा पूर्ण. मोठा केक आणतो म्हणे. कुठून आणतो, देव जाणे.

२५ जून

आज पेढे आणले त्यानं. कायचे, विचारलं. "असेच."

मेसमधून येऊन घरच्या पोळ्या करून राहिली होती. हॉलमधून प्रणालीचा आवाज, हसून हसून — "बाबा, आला ओटीपी! घ्या, चार, शून्य, सात..."

लाटणं घेऊनच धावली. मोबाईल हिसकला. एक आकडा वाचाचा राहिला होता.

"माह्या नावाची पाटी लावणार होते बाबा!" पोरगी रडाले लागली.

जीवन म्हणे, "काही होत नाही, दुसरा येते ओटीपी."

येऊ दे. मोबाईल माह्या कमरेले खोचला आहे. प्रणालीले जवळ बसवलं अन् सारं सांगितलं, अकोल्याच्या घरापासून. मी हॉलमध्येच बसून लिहून राहिली. लाटणं मांडीवर आहे.